देश एकाहत्तर टक्क्यांनी पास

नीती आयोगाच्या शाश्वत विकास निर्देशांकात 2018 साली देशाला शंभरपैकी 57 गुण होते. 2023-24च्या अहवालात ते 71 झाले. अभिनंदन! मधल्या काळात निर्देशक 62चे 113 झाले, म्हणजे प्रश्नपत्रिकाच बदलली. पण असल्या क्षुल्लक गोष्टी सत्काराच्या वेळी काढू नयेत.

श्रेण्यांची नावंही उभारी देणारी. पन्नासच्या आत अडकलेल्याला इथे नापास म्हणत नाहीत, ‘आकांक्षी’ म्हणतात. 65 मिळाले की आघाडीवर. लिंगसमानतेत अख्ख्या देशाला 49 गुण. म्हणजे निम्म्या लोकसंख्येच्या बाबतीत आपण अजून नुसतीच आकांक्षा बाळगून आहोत.

टक्केवारी काढायची तर भाजक लागतो. आपला भाजक 2011च्या जनगणनेचा. 2021ची झालीच नाही, त्यामुळे पुढचं सगळं अंदाजपंचे. 2011नंतर जन्मलेली पोरं अंदाजाने जेवतात, अंदाजाने शाळेत जातात आणि अंदाजानेच गरिबीतून बाहेर पडतात.

पाण्याचं म्हणाल, तर घरोघरच्या नळजोडण्या मोजल्या जातात. मराठवाड्यात ऐन मे महिन्यात तोटी फिरवल्यावर जी हवा येते, तिच्यासाठी निर्देशक अजून ठरायचा आहे.

मोजल्याशिवाय सुधारणा होत नाही, असं तज्ज्ञ म्हणतात. खरंच आहे. फक्त ती आधी माणसांच्या जगण्यात व्हावी की तक्त्यात, हे संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांत लिहायचं राहून गेलं. 2030च्या मुदतीला अवकाश आहे. अठरावं म्हणून घालून टाकावं. त्यात तरी आपण थेट ‘आकांक्षी’ ठरू.