शेवटाचं सुतक

मानखुर्दच्या आमच्या इमारतीत दादांना २० मार्च २००९ पासून सुतक आहे. घरातलं कोणी गेलेलं नाही. त्या दिवशी अमेरिकेत ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ ही मालिका संपली. शेवटचा भाग मित्राच्या हार्ड डिस्कमधून दादांपर्यंत यायला पुढे काही आठवडे गेले, पण सुतक त्यांनी मूळ तारखेपासून धरलं.

असा एक माणूस हल्ली बहुतेक इमारतींत सापडतो. कुणाचा जीव ‘लॉस्ट’मधल्या २०१० सालच्या चर्चमध्ये अडकलेला असतो, कुणाचा आणखी कुठे. ओळखायची खूण सोपी. मालिका आवडली का विचारलं, की तो आधी सुस्कारा सोडतो आणि मग म्हणतो, “शेवट सोडून.” त्यानंतर तासभर फक्त शेवटाबद्दल बोलतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी (दादांच्या लेखी असे लोक सुखी): माणसांनी बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव उलटतात, बारा वसाहती बेचिराख करतात, आणि उरलेली माणसं एका जुनाट युद्धनौकेमागून पृथ्वी शोधत हिंडतात. त्यात कारा थ्रेस नावाची एक अचाट वैमानिक आहे. ती स्फोटात मरते. पुढे कोऱ्या करकरीत विमानातून परत येते. मग एका ग्रहावर तिला स्वतःचंच जळालेलं प्रेत सापडतं. इथपर्यंत दादा श्वास रोखून होते. क्लोन असेल, कालप्रवास असेल, सायलॉनांचा विसरलेला एखादा नमुना असेल. त्यांच्या वहीत सात शक्यता लिहिलेल्या आहेत, प्रत्येकीला आकृती. शेवटच्या भागात कारा माळावर मित्राशी बोलत उभी आहे. मित्र मान वळवतो, पुन्हा बघतो, तर कारा नाही. संपलं. भर म्हणून, इतकी वर्षं फक्त दोन पात्रांनाच दिसणारी दोन माणसं देवदूत निघतात.

“आठवी शक्यता देव!” दादा म्हणतात. “ही वहीत लिहायची मला लाज वाटली होती.”

दादांचं बालपण अणुशक्तिनगरातलं. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात. त्या घरात कुकरच्या शिट्टीलाही कारण सांगितलं जायचं. आता ते नोकरीसाठी रोज खाडीपलीकडे वाशीला जातात. पुलावर लोकलच्या दारातून कुणी निर्माल्य टाकलं, की शेजारच्याला पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल सांगतात. पुरव मार्गावरच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रावरून जाताना त्यांची पाठ आपोआप ताठ होते. त्या केंद्राशी त्यांचा संबंध एवढाच, पण पुरेसा.

त्यांचे जन्मजात विरोधक म्हणजे नाना. नाना चेंबूरला चढतात आणि मानखुर्दला दादा आत शिरले, की वाशीपर्यंत वाद. मी मधल्या सीटवर, म्हणजे दोन्ही बाजूंचा मार मला.

“अहो दादा, देव पहिल्या भागापासून होता,” नाना म्हणतात. “सायलॉन एकच देव मानतात, माणसं अनेक मानतात. राष्ट्राध्यक्ष बाई पोथीतलं भविष्य वाचून मार्ग ठरवतात. तुम्ही काय झोपला होतात?”

“होता हो देव. पण आम्हाला वाटलं, शेवटी तो प्रोग्रॅम निघेल.”

दादांच्या सगळ्या दुखण्याचं मूळ मला या एका वाक्यात दिसतं. त्यांना देवाचं वावडं नाही. देव उघडून आतली वायरिंग दाखवली नाही, हा राग. त्यात सुरुवातीच्या पाट्यांत पुन्हा पुन्हा लिहून यायचं, की सायलॉनांकडे एक योजना आहे. माणसांत लपलेले शेवटचे पाच सायलॉन कोण हे लेखक-निर्माते रोनाल्ड मूर यांनी वाटेत ठरवलं हे कळल्यावर दादांनी दोन दिवस दाढी केली नाही.

नानांनी एकदा हुकमाचा पत्ता टाकला. “प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहिलात ना? १९३६ चा. त्यात शेवटी विमान येतं. तुम्ही विचारलंत, इंधन कोणतं?”

डबा हसला. तुकोबांच्या वैकुंठगमनावरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या दोन पक्ष आहेत. हार्बर लाइनवर त्यांचा निकाल लागणार नव्हता. पण दादा शांतपणे म्हणाले, “तुकोबांनी दर आठवड्याला ‘माझ्याकडे योजना आहे’ अशी पाटी लावली नव्हती.”

यावर नानांना वाशीपर्यंत उत्तर सुचलं नाही. उतरताना सुचलं: “देवाची करणी आणि नारळात पाणी!” दादा फलाटावरून ओरडले, “नारळातल्या पाण्यालाही कारण आहे!”

दादांचे खरे आधार शास्त्रज्ञ-लेखक जयंत नारळीकर. १९७४ साली त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवून पहिला नंबर काढला, हे दादा घरातली गोष्ट असल्यासारखं सांगतात. धूमकेतूची कथा तर त्यांना तोंडपाठ. पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ गुपचूप वळवतात आणि इकडे घरची माणसं श्रेय यज्ञाला देतात. “तिथे काम विज्ञानाने केलं, नाव देवाचं झालं. इथे लेखकाचं काम देवावर ढकललं!” दुसरा आधार कादंबरीकार जॉर्ज मार्टिन. त्यांनीही या शेवटावर जाहीर नाक मुरडलं होतं. मात्र त्यांच्या स्वतःच्या कादंबरीमालेचा पाचवा भाग २०११ ला आला, आणि सहाव्याची वाट जग अजून बघतंय, हे नानांनी काढलं की दादांना अचानक ऑफिसचा फोन येतो.

मायटोकॉन्ड्रियल ईव्ह (आईच्या बाजूने मागे जात आजच्या सगळ्या माणसांची निघणारी एकच पूर्वज) हा शब्द त्यांच्यासमोर चुकूनही काढू नये. मालिका शेवटी दीड लाख वर्षं पुढे उडी मारते, आणि या ईव्हचे अवशेष सापडल्याची बातमी दाखवते. “अहो, तो वंशावळीचा हिशेब आहे! हाडं बघून ‘हीच ती’ असं कोण सांगणार? शिवाय तेव्हा काय ती एकटीच बाई होती?” हे ते आमच्या वॉचमनलाही सांगून बसलेत. त्याने मान डोलावली आणि पार्किंगचं विचारलं.

तरी इमारतीतल्या प्रत्येक नव्या पोराला मालिका दादाच देतात. हार्ड डिस्कवर शेवटचे भाग वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. नाव: ‘बघू नये’. पोरं तेच आधी उघडतात.

आणि दरवर्षी २० मार्चला दादा तो शेवट पुन्हा बघतात. “अजून तितकाच वाईट आहे का, ते तपासायला.” यंदा मीही गेलो होतो. वैज्ञानिक चुकांची यादी हातात, पेन तयार. कारा नाहीशी झाली, दादांनी खूण केली. मग त्या युद्धनौकेचा म्हातारा ॲडमिरल अडामा त्या राष्ट्राध्यक्ष बाईंना विमानातून खालची जनावरं दाखवत राहतो आणि बोलता बोलता त्या गेलेल्या असतात. तो आपली अंगठी त्यांच्या बोटात घालतो. नंतर टेकडीवर, त्यांच्या थडग्याशेजारी बसून, जे घर बांधायचं राहिलं त्याबद्दल त्यांच्याशी बोलतो.

पेन हललं नाही. दादांनी चष्मा काढला.

वहिनी चहा घेऊन आल्या. “डोळ्यांत काय गेलं?”

“देवनारच्या कचऱ्याचा धूर.”

“खिडक्या बंद आहेत.”

दादांनी खिडक्यांकडे पाहिलं, आणि काहीही स्पष्टीकरण न देता कप हातात घेतला.