आठ-अठरा घरी असतात तेव्हा

भाईंदर पश्चिमेला आमच्या सोसायटीत एक गृहस्थ राहतात. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सगळे त्यांना ‘आठ-अठरा’ म्हणतात, कारण रोज आठ अठराची चर्चगेट लोकल ते पकडतात. असे आठ-अठरा मीरा-भाईंदरमध्ये मजल्यागणिक एक तरी सापडतील. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर भरली. मोजणारे फक्त कामाच्या दिवशी, भर दुपारी फिरले असते तर आकडा बराच खाली आला असता.

हा गृहस्थ ओळखायला सोपा. मनगटावरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. पास तिमाही, कव्हरमध्ये साईबाबांच्या फोटोशेजारी. भाईंदर ते चर्चगेट किती लांब, असं विचारलं तर ४३ किलोमीटर असं उत्तर येत नाही. “विंडो मिळाली तर जवळ” असं येतं. विरारवाले आपल्याला चढू देत नाहीत, हे त्याचं आयुष्यभराचं दुःख. ते सांगताना तो स्वतः मीरा रोडला दारात असा काही उभा असतो, की मीरा रोडच्या माणसाला पाय ठेवायला जागा नसावी. ‘या गाडीने आमचं आयुष्य खाल्लं’ हे वाक्य तो रोज एकदा तरी म्हणतो, बहुधा दहिसरच्या आसपास.

अशा माणसाला नियतीने घरी बसवलं ते ३ मे २०१०च्या सोमवारी. मोटरमननी पगाराच्या मागणीसाठी उपोषण सुरू केलं आणि गाड्या गळायला लागल्या. आमचे आठ-अठरा नेहमीप्रमाणे स्टेशनवर गेले, इंडिकेटरकडे पाहत बराच वेळ घाम गाळला, मग रस्त्याने जायचं ठरवलं. पण आपल्या गावातून मुंबईत जायचं म्हणजे दहिसर चेकनाका आणि त्या दिवशी अख्खं गाव तिथेच निघालेलं. काशिमीऱ्यालाच रिक्षा अशी रुतली, की ते उतरून उलटे चालू लागले.

सोसायटीच्या गेटवर दिवसपाळीच्या वॉचमनने अडवलं. “किसके यहाँ जाना है, साहब?” पंधरा वर्षांत त्याने यांना उजेडात पाहिलंच नव्हतं. रजिस्टर पुढे आलं. नाव, खोली नंबर, येण्याचं कारण. आठ-अठरांनी कारणाच्या रकान्यात ‘राहतो’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

घरात वेगळीच अडचण. पाणी कधी येतं ते त्यांना माहीत नव्हतं, त्यामुळे नेमके पाण्याच्या वेळी ते न्हाणीघर अडवून बसले. पेपर वाचून झाला, वधू-वर सूचक जाहिरातीही झाल्या. सोफ्यावर तिघं ऐसपैस बसलेली पाहून सवयीने म्हणाले, “जरा सरकून घ्या.” आणि चौथ्या सीटवर अर्धे लटकत बसले. समोर अख्खी खुर्ची रिकामी होती. दुपारी डुलकी लागली ती अंधेरीपर्यंत टिकली. मग दचकून उठले आणि आधी बॅग चाचपली.

मे महिना, त्यामुळे घराघरांत वाळवणं चाललेली. वहिनींनी त्यांना पोह्याच्या पापडांचं ताट देऊन गच्चीवर पाठवलं. “अहो, नुसते प्लास्टिकवर घालायचे आणि कावळे हाकायचे. एवढं जमेल?” जमेल म्हणजे काय! गच्चीवर जागा मुबलक होती, पण मोकळी जागा पाहिली की यांचा जीव कासावीस होतो. तीन पापडांच्या जागेत त्यांनी चौथा बसवला, रांगांच्या मधल्या बोळात उभे दाटवले, कडेला दोन लोंबकळते ठेवले. संध्याकाळी वहिनी वर गेल्या तेव्हा सगळ्या पापडांचा मिळून एकच पापड झाला होता. तो घडी घालून खाली आणावा लागला.

संपाविषयीची त्यांची मतंही घरकामाप्रमाणे बदलत गेली. सकाळी, “सगळ्यांना कामावरून काढा.” पापडांनंतर, “उपाशी माणूस गाडी कशी चालवणार, तुम्हीच सांगा.” दुसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले, “हा कसला संप! १९७४ला जॉर्ज फर्नांडिसांचा होता. ८ मेला सुरू झाला, वीस दिवस चालला.” वीस दिवस हे शब्द ऐकून आठ-अठरांच्या घरातून एकदम चार आवाज आले, “नको!” त्यांतला एक त्यांचा स्वतःचा.

मंगळवारी हाल आणखी वाढले आणि त्याच संध्याकाळी आंदोलन मागे घेतल्याची बातमी आली. टीव्हीवर पट्टी दिसताच वहिनींनी देवापुढे साखर ठेवली. आठ-अठरांनी बूट पॉलिश केले.

बुधवारी गाडी उशिरा आली. विरारवाल्यांचा विषय निघाला, मीरा रोडवाल्यांना अडवून झालं आणि दहिसरला ‘या गाडीने आमचं आयुष्य खाल्लं’ हे वाक्य इतक्या आनंदाने म्हटलं गेलं, की ग्रुपने टाळ्या दिल्या. दोन दिवसांत पासाचे किती रुपये बुडाले, याचाही हिशेब झाला.

मोटरमनच्या मागण्यांचं पुढे काय झालं, हे मात्र डब्यात कुणी विचारलं नाही. ज्याच्या भरवशावर आपण रोज बोरिवलीच्या आत घोरायला लागतो, त्याचं पोट भरलं की नाही, हा प्रश्न गाडी वेळेवर सुटली की कुणालाच पडत नाही. आठ-अठरांना हसण्याआधी आपण आपल्या वॉचमनचं नाव आठवून पाहावं.