मामा तलावाचे भाचे

भंडारा जिल्ह्यात नात्यागोत्याला फार मान. इतका, की सरकारी कागदांतसुद्धा इथले तलाव ‘मामा’ असतात. ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव दर फाइलीत लिहायचा कंटाळा आलेल्या कोणा पुण्यवान कारकुनाने त्याचे ‘मामा तलाव’ केले असावे, आणि पूर्व विदर्भाला एका फटक्यात साडेसहा हजारांहून अधिक मामा मिळाले. ज्याला एवढे मामा, त्या भाच्याला कशाची ददात?

मामाची मिळकत भाच्यांनी कशी वाटून घ्यावी, याचा जो नमुना आपण गेल्या पंचाहत्तर वर्षांत घालून दिला, त्याच्यावर टीका पुष्कळांनी केली. कौतुक कोणी केले नाही. हा अन्याय दूर करावा म्हणून हा लेख.

आधी मागासलेल्या काळाविषयी दोन शब्द. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. त्यांना गोंड राजांनी काशीकडून आणले असे म्हणतात. जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल ती जमीन, असा राजाचा शब्द होता म्हणे. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधल्याचे सांगतात. (हा तलाव आता आमचा नाही. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा निघाला तेव्हा तो त्यांच्या वाटणीला गेला. घर वाटले जाते तेव्हा मामाही वाटला जातो.) या लोकांजवळ दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता, सल्लागार कंपनी तर नव्हतीच. उताराकडे नुसते डोळ्याने बघायचे आणि पाळ घालायची. वरच्या तलावाचे उतू गेलेले पाणी खालच्या तलावात, तिथून लहानशा बोडीत, बोडीतून धानाच्या बांधीत. थेंब वाया जात नसे. त्यामुळे ‘पाणी वाचवा’ असे फलक लावण्याची संधीही मिळत नसे.

तो काळ सोन्याचा होता असे मात्र कोणी समजू नये. मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार, वेठीला धरत असे, आणि तलाव त्याचा म्हटल्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची जाळीही त्याच्या मर्जीनेच पडत. पण माझा आक्षेप त्याला नाही. माझा आक्षेप हा, की त्या व्यवस्थेत आख्खा तलाव एकाच गावाच्या डोक्यात मावत होता. ज्याला पाणी हवे तोच उन्हाळ्यात गाळ काढी. तोच गाळ बैलबंडीने त्याच्याच शेतात जाई. ज्याला मासा हवा तो ढिवर पाळीवरून रोज येताजाता फिरे, आणि कुठे पाझर दिसला तर ओरडून सांगे. शेताला पाणी सोडायचे तुडूम कधी उघडायचे हे गाव बसून ठरवी. एवढ्या कामात एकही पद निर्माण होत नव्हते! ना अभियंता, ना ठेकेदार, ना लेखापाल. रोजगाराच्या दृष्टीने ही व्यवस्था साफ निकामी होती.

ती सुधारली 31 मार्च 1951 ला. त्या दिवशी तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी खालसा केली आणि तलाव सरकारजमा झाले. तारखेकडे लक्ष द्या: 31 मार्च. आर्थिक वर्ष संपायच्या दिवशी एवढा मोठा जमाखर्च उरकला, यातच पुढच्या कारभाराची चुणूक दिसते. मालगुजार गेला हे बरेच झाले. त्याच्या जागी गाव येईल असे काही भोळ्यांना वाटले होते. पण निस्ताराचे पाणी म्हणजे आपल्या हक्काचे पाणी, असे समजणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पुढे पाणीपट्टीची मागणी आली, तेव्हा त्याला कळले की मामा आता नोकरीला लागला आहे.

मग वाटणी झाली. आपल्या राज्यकारभाराची प्रतिभा इथे दिसते. पाणी पाटबंधाऱ्याकडे. त्यातही लहान तलावाचे पाणी जिल्हा परिषदेकडे आणि मोठ्याचे राज्याकडे. मासे मत्स्य विभागाकडे, तिथून ठेक्याने सोसायटीकडे. तलावाच्या पोटातल्या जमिनीचा सातबारा महसुलाकडे. तलाव जंगलात असेल तर काठाचे झाड, झाडावरचा पक्षी आणि पक्ष्याच्या चोचीतला मासा वनखात्याकडे. तलाव तेवढा कोणाकडेच नाही. एक वस्तू चौघांना देऊन ती कोणालाच न मिळू देणे, ही किमया आमच्या पूर्वजांना साधली नव्हती.

एक उदाहरण देतो. पाळीला खेकड्याने भोक पाडले. पूर्वी कोणीतरी टोपलीभर चिखल थापून ते बुजवी, आणि विषय तिथेच संपे. आता तसे करता येत नाही, कारण पाळ सरकारी आहे. आधी अर्ज, मग पाहणी, मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा. खेकड्याला मान्यतेची गरज नसल्यामुळे तो दरम्यान काम पुढे नेतो. त्याच्या कार्यक्षमतेची दखल राज्य पातळीवर घेतली गेली आहे. जुलै 2019 मध्ये चिपळूणजवळचे तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, तेव्हा जलसंधारण मंत्र्यांनी त्याचे श्रेय खेकड्यांनाच दिले होते. पाणी व्यवस्थापनात स्थानिकांचा सहभाग सरकार मानत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.

आता मासे. आमच्या तलावांत पूर्वी मरळ, मागूर, शिंगी, बाम, झिंगे असला गावरान माल होता. पहिल्या पावसाला हे मासे पाण्याच्या धारेला उलटे चढत, बांध्यांतल्या उथळ पाण्यात अंडी घालत, आणि पिल्ले परत तलावात येत. सगळे फुकट. आता मला सांगा, जो मासा स्वतःची पिल्ले स्वतः घालतो, त्याच्यासाठी निविदा काढायची कशी?

ही अडचण कटला, रोहू आणि मृगळ यांनी सोडवली. हे मासे वाढतात झपाट्याने, पण साचलेल्या तलावात वीत नाहीत. त्यांना वाहती नदी लागते. 10 जुलै 1957 ला हीरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची वीण घडवून आणली. शोध खरोखर मोठा. त्या दिवशी देशभर मत्स्य शेतकरी दिवस पाळतात. पण शोधाची खरी थोरवी अर्थसंकल्पात कळते. दरवर्षी मत्स्यबीज विकत आणायचे, दरवर्षी सोडायचे, दरवर्षी पकडायचे आणि पुढच्या वर्षी तलाव पुन्हा रिकामा. जो मासा पुन्हा पुन्हा विकत घ्यावा लागतो तोच खरा विकासाचा मासा. जोडीला गवत्या आणला. हा नावाप्रमाणे पाण्यातले गवत खातो. ज्या गवतात मरळ लपायची, जिथे झिंगे वाढायचे, ते त्याने साफ केले. तलाव कसा आरशासारखा झाला. आरशात मासे नसतात, एवढीच काय ती उणीव.

पाण्यातली हिरवळ गेली म्हणून काठ ओसाड राहिला असे नाही. तिथे बेशरम आली. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातली. तिला गुरे तोंड लावत नाहीत, ती पुरात बुडत नाही, उन्हात वाळत नाही, आणि तोडली तर दुप्पट जोमाने येते. वाटणीनंतर तलावात जे जे नवे आले, त्यात आपले खरे नाव सांगून आलेली ही एकटीच.

राहिले ढिवर. जाळे, डोंगा आणि शिंगाडा यांच्यापलीकडे यांना दुनिया नाही. शेती बहुतेकांना नाहीच. सरकारने यांची नोंद भटक्या जमातींत केली आहे. ती किती दूरदृष्टीने केली, हे 2006 च्या वनहक्क कायद्याने दाखवून दिले. या कायद्यात जंगलातल्या पाण्यातल्या माशांवरही सामूहिक हक्क सांगता येतो, असे एक कलम कसे कोण जाणे शिरले. पण घाबरायचे कारण नव्हते. जो अनुसूचित जमातीत नाही, त्याने तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे राहत असल्याचे दाखवायचे, अशी अटही सोबत होती. ज्यांना आपण कागदावर भटके ठरवले, त्यांच्याकडेच एका जागी 75 वर्षे राहिल्याचा पुरावा मागायचा, याला म्हणतात कायद्याची वीण. हिला इंजेक्शन लागत नाही.

लहान तलावांनी डोके उठवले की मोठा तलाव बांधावा, हेही आपण करून पाहिले. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते बसली. अंदाजित खर्च 372 कोटी. तो आता अठरा हजार कोटींच्या वर गेला आहे. अडीच लाख हेक्टर भिजवायचे होते. पाण्याचे पाहता येईल, पण आकडा मात्र सिंचित झाला, वाढला, फोफावला. शिवाय या जलाशयाला एक जिवंत झरा आहे: नागपूरचे सांडपाणी. नागनदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, तिथून धरणात. कोहळ्यांनी वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावात नेले. आपण वरच्या शहराची मोरी खालच्या जिल्ह्याच्या मासोळीपर्यंत नेली. साखळी तीच, दृष्टी आधुनिक.

बाहेरच्या विद्वानांचेही या बाबतीत एकमत नाही. गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये लिहून ठेवले की सगळ्यांचे कुरण म्हणजे कुरणाचा नाश. ते सरकारच्या किंवा खासगी मालकाच्या हाती हवे. किती सोयीचे मत! पण पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई गावोगावची कुरणे, कालवे आणि मासेमारीची बंदरे तपासत बसल्या, आणि म्हणाल्या की लोक आपसात नियम करून अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपण नोबेलचा मान राखला आणि कारभार हार्डिनसाहेबांच्या मताने चालू ठेवला.

समुद्रकिनाऱ्यावर मात्र धोरणात ढिलेपणा दिसतो. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या पुलाबद्दल हट्ट धरला की खांबांमधल्या 60 मीटर अंतरातून लाटांत होड्या सुखरूप निघत नाहीत. तज्ज्ञांनी पुरते असे सांगितले होते. तरी 2022 च्या अखेरीस 60 चे 120 करावे लागले. होडी हाकणाऱ्याला होडीची रुंदी विचारायची सवय एकदा लागली की ती तलावापर्यंत यायला वेळ लागत नाही. आमच्याकडे समुद्र नाही, हे किती बरे आहे.

पण नाही म्हणायला ती सवय आलीच. भंडाऱ्याचे मनीष राजनकर गेली कित्येक वर्षे ढिवरांच्या पंगतीला बसून त्यांचे तलावाविषयीचे ज्ञान लिहून घेतात, आणि भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवरांच्या सोसायट्या आणि बायकांचे गट उलट्याच उद्योगाला लागले आहेत. ते बेशरम मुळासकट उपटतात. उन्हाळ्यात तलावाचे कोरडे पोट नांगरतात. आणि मग, ज्या पाणगवताचा आपण एवढ्या खर्चाने नायनाट केला, तेच गवत दुसऱ्या तलावातून आणून रोवतात! गवतामागून गावरान मासे परत येतात, माशांमागून पक्षी.

असाच एक तलाव मी पाहायला गेलो. ढिवरांच्या दहा-बारा बाया कमरेपर्यंत पाण्यात होत्या. प्रत्येकीच्या कडेला टोपली, टोपलीत गवताची रोपे. एक म्हातारी बाई रोपाच्या मुळाशी ओल्या मातीचा लाडूएवढा गोळा दाबून बसवी, पायाच्या अंगठ्याने तळ चाचपे, वाकून गोळा तळाशी ठेवी, आणि टाचेने हलकेच दाबी. पाण्याखाली काय चालले आहे हे तिचा पायच बघत होता. पुढचे रोप हातभर अंतरावर. धानाचा रोवणा करावा तसाच.

मी काठावरून विचारले, “हे काय लावता, बाई?”

“गवत लावून राह्यलो, भाऊ.”

“गवत? मासे सोडायचे सोडून?”

“गवत असन तं मासे आपल्या मनानं येतेत,” ती वर न बघता म्हणाली.

आपल्या मनाने! न मागवता, न मोजता, न पावती देता. मला कारभाराची काळजी वाटली. मी तिला समजावले की बाई, पाणी पाटबंधाऱ्याचे आहे.

“हो.”

“मासे ठेक्याचे.”

“हो.”

“जमीन सरकारची.”

ती सरळ उभी राहिली. हातातला गोळा तिने तळव्यावर एकदा फिरवला, बोटांच्या फटींतून काळे पाणी गळले. “मंग चिखल तं आमचाच हाय ना?” असे म्हणून ती हसली, आणि पुन्हा वाकली.

2017 पासून गाळासाठीही सरकारची योजना आहे, तिचे नाव ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’, हे माझ्या अगदी जिभेवर आले होते. पण मी बोललो नाही. काठावरची बेशरम सकाळीच उपटून ढिगाला लावलेली होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो.