सर, टॉप मॉडेलच घ्या

नवी मोटार घ्यायला निघालेल्या मराठी माणसाचा गृहपाठ दहावीच्या पोराला लाजवेल असा असतो. यूट्यूबवरचे झाडून सगळे व्हिडिओ बघून झालेले असतात, सोसायटीत ज्याच्याकडे तेच मॉडेल आहे त्याला लिफ्टमध्ये गाठून 'खरं ॲव्हरेज सांगा हं' असं दरडावून झालेलं असतं आणि चाकणच्या कुठल्यातरी कारखान्यात असलेल्या साडूच्या भाच्याला दोनदा फोन झालेले असतात. एवढी तयारी करून तो शोरूमची काच ढकलतो. समोर येतो कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा आणि हातात टॅब घेतलेला एक हसरा मुलगा. कार्डावर 'रिलेशनशिप मॅनेजर'. मागच्या दिवाळीपर्यंत आपण मोबाइलच्या दुकानात होतो, हे तो पाण्याचा ग्लास पुढे करता करताच सांगून टाकतो.

"ही ऑटोमॅटिक म्हणजे एएमटी की सीव्हीटी?"

"सर, ऑटोमॅटिक आहे."

"हो, पण कुठली?"

"फुल्ली ऑटोमॅटिक, सर."

इथे फरक चुलत्या-पुतण्याचा नाही, घराण्याचाच आहे. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम आपल्याऐवजी यंत्र करतं. स्वस्त पडते, पण गिअर बदलताना मान हलवते. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, पट्टा आणि पुल्यांवर काम चालतं, म्हणून ती लोण्यासारखी चालते. दोन क्लचवाली डीसीटी मोकळ्या रस्त्यावर झकास, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तिचे क्लच तापू शकतात. रोज सिंहगड रोडवर रांगणाऱ्याने कुठली घ्यायची, हा लाखभर रुपयांचा प्रश्न असतो. त्याचं उत्तर म्हणून आपल्याला सनरूफ उघडून दाखवलं जातं. ते बोलल्यावर उघडतं. मराठीत बोलल्यावर नाही उघडत, पण उघडतं.

"स्टेपनी कुठे आहे?" मी डिकी उघडून विचारलं. तिथे स्टेपनीच्या जागी पंक्चरचं किट होतं.

"सर, टायर ट्यूबलेस आहेत. पंक्चर होतच नाहीत."

यावर काय बोलणार? खिळ्यांनाही हे कुणीतरी कळवायला हवं.

सुरक्षेचं विचारलं तर "सिक्स एअरबॅग आहेत, म्हणजे फाइव्ह स्टारच." ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही स्वतःची धडक-चाचणी आहे. त्यात बाहुल्या बसवून गाडी अडथळ्यावर आदळतात आणि आत बसलेल्यांचं किती वाजतं ते मोजून तारे देतात. एअरबॅगा मोजून नव्हे. गाडीचा सांगाडाच दुमडला तर सहा उशांत गुंडाळलेला माणूसही दुमडतो. पण माहितीपत्रकात सहाचा आकडा मोठ्या टायपात असतो, आणि आमच्या मुलाचं वाचन तेवढंच.

पुण्यात मला सगळ्यात गंमत वाटते ती ॲव्हरेजची. "सर, हे एआरएआयचं ॲव्हरेज आहे, गव्हर्नमेंट सर्टिफाइड." अहो, ती एआरएआय इथेच आहे, वेताळ टेकडीवर. अर्धं कोथरूड सकाळी तिच्या कुंपणाला वळसा घालून फिरायला जातं. तो आकडा प्रयोगशाळेत गाडीची चाकं रोलरवर फिरवून काढलेला असतो. ताशी 90 च्या वर वेग नाही, एसी बंद, समोर रिक्षा नाही, खड्डा नाही, मागे सासूबाई आणि त्यांचं सामान नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो उत्तम, पण आपल्या गाडीला तेवढं मिळेल या भरवशावर पेट्रोलचं बजेट बांधणाऱ्याचं काही खरं नाही. हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, "मग सर, तुम्ही सीएनजी बघा."

टेस्ट ड्राइव्हला पेट्रोल मॅन्युअल मिळाली. मला हवी होती ऑटोमॅटिक. "फील सेमच आहे, सर." शोरूमभोवती चार डावी वळणं घेतली आणि फील संपला.

आता तुम्ही म्हणाल, पोरगा मठ्ठ होता. साफ चूक. त्याला हप्ता विचारून बघा. अमुक लाख कर्ज, 84 महिने, व्याज सव्वानऊ आणि साडेनऊ अशा दोन्ही दरांनी, कॅल्क्युलेटरला हात न लावता सांगतो. कुठली बँक शनिवारी कर्ज मंजूर करते, पितृपक्षात बुकिंग केलं तर वर काय सुटतं, टॉप मॉडेलवर घासाघीस का होत नाही आणि मधल्यावर का होते, हे त्याच्या जिभेवर असतं. कोटेशनचा कागद तर तो अथर्वशीर्षासारखा म्हणतो. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीजचं किट, कोटिंग. विम्यावर बोट ठेवून म्हटलं, "बाहेर हाच विमा कितीतरी कमी पैशांत मिळतोय," तर त्याने एका दमात तीन भुतं सोडली. बाहेरचा घेतला तर पासिंग अडेल, कॅशलेस मिळणार नाही, वॉरंटी जाईल.

तिन्ही खोटी. नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो कुणाकडून घ्यायचा ते गिऱ्हाईक ठरवतं, शोरूम नव्हे. कॅशलेस मिळणार की नाही हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे का यावर ठरतं. आणि गाडीची वॉरंटी विम्याचं पाकीट कुठून आलं हे बघत नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर जो एक टक्का टीसीएस लागतो, तो "सरकारचा टॅक्स, गेला समजा" असं त्याने सांगितलं. तो जात नाही. आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना आयकरात वळता होतो. दोन-तीन महिन्यांचं पेट्रोल सुटेल एवढी ती रक्कम असते.

तर भानगड अशी आहे की पोराला गाडी विकायची नसतेच. गाडी म्हणजे निमित्त. विमा, कर्ज, वाढीव वॉरंटी आणि कोटिंग विकलं की त्याला इन्सेन्टिव्ह मिळतो, सीव्हीटी समजावून सांगितल्याचा मिळत नाही. महिन्याचं टार्गेट डोक्यावर, पगार जेमतेम, आणि वरचे साहेब काचेच्या केबिनमधून बघतायत. अशा ठिकाणी कुठला शहाणा गिअरबॉक्सचा अभ्यास करील? मी तरी केला नसता. कोट्यवधींचं शोरूम थाटणाऱ्या मालकाला पोरांना एकदा कारखान्यात फिरवून आणावंसं वाटत नाही, यात पोरांचा काय दोष? चाकणला गाड्यांचे कारखाने आहेत आणि पुण्याहून चाकण काही परदेशात नाही.

बुकिंग करताना मी विचारलं, गाडी कुठल्या महिन्यात बनलेली आहे. "फ्रेश स्टॉक, सर." चेसिस नंबर मागितला. तो 17 अक्षर-आकड्यांचा असतो आणि बहुतेक कंपन्या त्यातलं दहावं अक्षर सालाला देतात. 'आर' म्हणजे 2024, 'एस' म्हणजे 2025. नव्या वर्षात मागच्या सालातली गाडी नवी म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी हे पैसे भरण्याआधी बघायचं असतं. मी त्याला मोजून दाखवलं. त्याने टॅबवर फोटो काढून घेतला आणि साहेबांना दाखवायला गेला. साहेब केबिनमधून उठून आले आणि त्यांनीही मोजलं.

धनत्रयोदशीला गाडी मिळाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर लाल रिबिनीचं फूल आणि पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली धरून फोटो. दुसऱ्या दिवशी फोन. "सर, कंपनीचा फीडबॅक कॉल येईल. प्लीज दहापैकी दहा द्या. नऊ दिले तर ते शून्य धरतात."

बरं म्हटलं. फोन ठेवणार, तर आवाज दबका करून म्हणाला, "सर, अजून एक. समोर एक काका बसलेत. हायब्रिडचं विचारतायत, स्ट्राँग का माइल्ड, काहीतरी. तुम्हाला यातलं कळतं ना? फोन त्यांच्याकडे देऊ का?"