तिथे डबा केवढ्याला पडतो?

घराला रंग काढायचं ठरलं की मराठी मध्यमवर्गीय माणूस आधी रंगाऱ्याला फोन करत नाही, न्यू जर्सीला करतो. तिकडे कोणी ना कोणी असतंच. मेव्हणा, मावसभाऊ, गेला बाजार शेजारच्या सुनेचा भाऊ. 'तुमच्याकडे रंगाचा डबा केवढ्याला पडतो रे?' असं विचारलं की तोही बिचारा जणू याच कामासाठी सातासमुद्रापार गेल्यासारखा लगबगीने सांगतो, 'चांगल्यातला घेतलास तर गॅलन चाळीस-पंचेचाळीस डॉलर.' मग इकडे गुणाकार सुरू होतात. अमेरिकेचा गॅलन पावणेचार लिटरच्या किंचित वर. इंग्रजांचा साडेचार लिटरचा, पण त्यांनी हल्ली रंग लिटरवर विकायला घेतलाय, हे त्यांचे आपल्यावरचे मोजके उपकार. डॉलर नव्वदीच्या आसपास धरला की डबा चार हजारांवर जातो. आणि आपल्याकडे चांगल्या इमल्शनचा चार लिटरचा डबा दोन हजारांच्या घरात! त्या क्षणी दिवाणखान्यात देशाभिमान असा उसळतो की भिंतीचे पोपडे तेवढ्यानेच पडावेत.

पण मेव्हणा हार मानत नाही. 'हो, पण इथे पगारही डॉलरमध्ये मिळतो,' असं म्हणून तो एका फटक्यात गुणाकार पुसून टाकतो. आमच्या घराघरांत डॉलरला दोन भाव असतात. भारत स्वस्त ठरवायचा असेल तर बँकेचा भाव, आणि भारतातली माणसं गरीब ठरवायची असतील तर पगाराचा. तिसरा भाव जागतिक बँकेचा. देशोदेशींच्या किमती गोळा करून, घरबांधणीचा खर्चसुद्धा त्यात धरून, त्यांनी काढलेला क्रयशक्तीचा हिशेब सांगतो की अमेरिकेत डॉलरला जेवढं येतं तेवढं आपल्याकडे साधारण वीस रुपयांत येतं. हा भाव कोणाच्याच बाजूने बोलत नसल्याने कौटुंबिक चर्चेत तो घेतला जात नाही.

यंदा आमच्या सोसायटीने हे प्रकरण घरगुती पातळीवरून उचलून कमिटीच्या पातळीवर नेलं. इमारतीला बाहेरून-आतून रंग, गच्चीवरच्या टाकीचे नळ, जिन्याच्या फरश्या, असं एकूण काम. खजिनदारांचा मुलगा जर्मनीत, सेक्रेटरींची मुलगी सिडनीत, माझा मेव्हणा न्यू जर्सीत. त्यामुळे बोहरी आळीतल्या तीन दुकानांची कोटेशनं मागवण्यापेक्षा तीन खंडांतली मागवणं सोपं गेलं. शनिवारी रात्री सगळीकडून बिलांचे, फलकांचे, मांडणीवर लावलेल्या किमतींचे फोटो आले. ते मोठे करून वाचण्यात रविवार गेला.

आता तुलना करायची तर आधी किंमत म्हणजे काय हे ठरायला हवं. अमेरिकेत फलकावर एक आकडा असतो आणि गल्ल्यावर दुसरा, कारण विक्रीकर तिथे शेवटी लावतात आणि तोही राज्यागणिक वेगळा. ओरेगॉनसारख्या राज्यात तर लावतच नाहीत. जर्मनीत 19 टक्के कर पोटातच घेऊन आकडा छापतात आणि पुढे कोणी काही बोलत नाही. आपल्याकडे खोक्यावर एमआरपी छापलेली असते, सगळे कर धरून, आणि ती कोणीच देत नाही. नळाच्या खोक्यावर चार हजार आठशे वाचून भुवया उंचावल्या की दुकानदार न विचारता म्हणतो, 'त्याच्याकडे बघू नका हो.' मग 'लेस किती देणार?' हा प्रश्न, मग कॅल्क्युलेटर, मग 'तुम्हाला म्हणून पस्तीस'. तुमच्या आधीच्याला चाळीस दिलेलं असतं, कारण तो प्लंबर बरोबर घेऊन आला होता. सिमेंटचंही तसंच. 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा आमचे खजिनदार घाईघाईने गोणीचा भाव विचारायला गेले. 'जुना माल आहे,' असं उत्तर मिळालं. करवाढीच्या वेळी मात्र या दुकानात माल कधीच जुना नसतो.

मापांची गंमत वेगळी. आपली सिमेंटची गोणी पन्नास किलोची, अमेरिकेची 94 पौंडांची, म्हणजे साडेबेचाळीस किलोच्या आसपास. वाळू आपण ब्रासने घेतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे जर्मनीतल्या मुलाला समजावताना खजिनदारांनी आवाज चढवला आणि फोन ठेवला. पण सर्वांत देखणं माप अमेरिकेच्या लाकडाचं. तिथे 'टू बाय फोर' मागितलं की दीड बाय साडेतीन इंचांची पट्टी मिळते. अधिकृतपणे. सगळ्या देशाला हे ठाऊक आहे आणि कोणाची तक्रार नाही. आपला सुतार एकोणीस एमएमच्या प्लायला टेप लावून 'अठराच भरतंय, चालतंय' म्हणतो तेव्हा आपण त्याला चोरांच्या रांगेत बसवतो. तिथे मापात मारणं प्रमाणित झालंय, आपल्याकडे ते अजून ओळखीवर चालतं.

या लाकडाने मेव्हण्याला एकदा चांगलाच हात दाखवला होता. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेत लाकडाचा वायदा हजार बोर्डफुटांना 1,600 डॉलरच्या वर गेला, आणि त्याच सुमारास त्याने घरामागे लाकडी ओटा बांधायला घेतलेला. त्या काळात तो आम्हाला सागवानाचा भाव विचारत नव्हता.

जिन्याच्या फरश्यांत मात्र अमेरिका जिंकली असं सगळ्यांना वाटलं. फोटोतल्या फरशीचा पोत, कडा, चकाकी! 'फिनिशिंग बघा, आपल्याकडे हे मिळणारच नाही,' असं सेक्रेटरींनी जाहीर केलं. मी मेव्हण्याला खोक्याची मागची बाजू टिपायला सांगितली. 'मेड इन इंडिया, मोरबी.' मोरबीच्या भट्ट्यांमधला माल जगभर जातो. कमिटीने तरीही 'पण तो एक्स्पोर्ट क्वालिटीचा' अशी नोंद करवून घेतली.

नळांची गोष्ट निघालीच आहे तर ती सविस्तर सांगायला हवी. न्यू जर्सीत अर्धा इंची पितळी नळ स्वस्त दिसला, आणि कोणीतरी येतंच आहे म्हणून चार मागवले. दिसायला आपल्यासारखेच. आट्यांची संख्याही तीच, इंचात चौदा. प्लंबरने दोन फेरे फिरवले आणि थांबला. 'आटे बसत नाहीत साहेब.' याला कारण 1841 मधलं. त्या साली जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रजाने आट्याचा कोन 55 अंश ठरवला. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 ठरवला, कारण तो कापायला सोपा. आपण इंग्रजांचे, म्हणून आपले पाइप 55 चे. किमतीच्या कुठल्याही तक्त्यात हे पाच अंश दिसत नाहीत. प्लंबरने सुतळी गुंडाळली, सफेदा फासला, वर टेफ्लॉन टेपचे वेढे दिले आणि नळ बळजबरीने बसवला. आता तो गळतो. ठिबक अगदी एकसारखी पडते, हे मान्य करायला हवं.

राहता राहिली मजुरी. आमच्या तक्त्यातला हा रकाना सर्वांत अरुंद होता. तिथला प्लंबर तासाला शंभर डॉलर सहज घेतो, येण्याचे वेगळे. जर्मनीत रंगकामाचा स्वतःचा धंदा काढायचा तर साधारणपणे 'माइस्टर' ही परीक्षा पास व्हावी लागते. हे ऐकून कमिटी हसली. आमचा रंगारी आला तेव्हा त्याने डबा स्क्रू-ड्रायव्हरने उघडला आणि आधी टोकन काढून खिशात घातलं. कंपनी ते रंगाऱ्यासाठीच ठेवते, आणि त्याचे पैसे डब्याच्या किमतीत आपणच भरतो. टोकन पाहून खजिनदारांना साक्षात्कार झाला की याला दोनदा पैसे मिळताहेत. रंगाऱ्याने मजुरी चौरस फुटाला चौदा सांगितली होती. कमिटी बाराला अडून बसली. नळाच्या कंपनीशी, सिमेंटच्या कंपनीशी, जीएसटीशी आमचं काही चालत नाही, तेव्हा घासाघीस करायला शिडीवरचा हा एकच माणूस उरतो.

'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने 1986 मध्ये बर्गरवरून देशोदेशींची चलनं तोलायला घेतली. मी कमिटीला रंगडबा निर्देशांक सुचवला : रंगारी जो डबा भिंतीला लावतो, तो विकत घ्यायला त्याला किती तास राबावं लागतं? अमेरिकेत रंगाऱ्याची मधली कमाई तासाला 23 डॉलरच्या आसपास, म्हणजे दोन तास. आपल्याकडे नऊशे रुपये रोज धरला तर सव्वादोन दिवस. 'हा विषय आजच्या अजेंड्यावर नाही,' असं सेक्रेटरी म्हणाले, आणि ते नियमाला धरून होतं.

शेवटी तक्त्यात न्यू जर्सीच पहिली आली. कारण मेव्हणा शनिवार-रविवारी स्वतःच रोलर घेऊन भिंतीसमोर उभा राहतो. त्यामुळे त्याच्या रकान्यात 'मजुरी : शून्य' असं आलं. लगेच ठराव झाला : सभासदांनी आपापला मजला स्वतः रंगवावा. रविवारी सकाळी नऊ वाजता दोन रोलर, लांबीची एक पिशवी आणि वॉचमन एवढेच हजर होते. सेक्रेटरींची कंबर, खजिनदारांचं लग्न, माझं सदर.

मेच्या अखेरीस रंगाऱ्याला पुन्हा बोलावलं. खजिनदारांनी पाच रकान्यांचा रंगीत तक्ता त्याच्या हातात दिला. त्याने तो शांतपणे उलटा केला, कानामागची पेन्सिल काढली आणि कोऱ्या बाजूवर जिन्याची लांबी-रुंदी मांडली. 'पाऊस तोंडावर आलाय. आता सोळा पडतील.'