नादब्रह्माचे कारभारी

आमचे एक कोथरूडनिवासी स्नेही संगीताचे परम उपासक म्हणून ख्यातकीर्त असले, तरी त्यांनी एखादी चीज आरंभापासून अखेरपर्यंत ऐकल्याचे त्यांच्या सौभाग्यवतींच्याही स्मरणात नाही. कारण ज्या दालनाला ते संगीतकक्ष म्हणतात, तेथे वस्तुतः एक कचेरी चालते. हार्ड डिस्कच्या दप्तरखान्यातून निघालेले गाणे नेटवर्क स्विचकडून स्ट्रीमरकडे, तेथून डॅककडे, तेथून ॲम्प्लिफायरकडे असे टेबलोटेबली फिरते, आणि मधल्या एखाद्या अंमलदाराची मर्जी फिरली की प्रकरण जागीच तुंबते. बरे, गाणे यांचे, डिस्क यांची, घरही यांचेच. पण ब्रॉडबँड बंद पडला की ते वाजविण्याची मुखत्यारी यांना नाही, कारण सातासमुद्रापारच्या सर्व्हरने परवान्याची खातरजमा केल्यावाचून सॉफ्टवेअर जागचे हलत नाही. नोंदखात्याचा कारभार तर अधिकच दिव्य! रोमन लिपीतल्या स्पेलिंगच्या लहरीपायी मल्लिकार्जुन मन्सूर तेथे तीन निरनिराळे गृहस्थ आहेत.

परवा ‘सूर्यास्ताला मारवा ऐकायला या’ असा सांगावा आला, म्हणून आम्ही वेळेवर हजर झालो. स्नेह्यांनी पडद्यावर बोट ठेवले मात्र, फर्मवेअरचे अपडेट सुरू झाले. वर्तुळ फिरत राहिले. मारव्याची वेळ गेली, यमनाचीही टळली. “अहो, पाहुण्यांना जेवू तरी द्या,” वहिनी म्हणाल्या. “पाचच मिनिटं गं,” हे म्हणाले, आणि तेवढ्या अवकाशात सेकंदाला १,९२,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणाचे माहात्म्य त्यांनी आम्हांस ऐकविले. मनुष्याचा कान २०,००० कंपनांपलीकडे बहिरा असता, ९६,००० कंपनांपर्यंतची ही तजवीज कोणाकरिता, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही केला नाही. वटवाघळांनाही अभिरुची असू शकते.

अखेर मालकंसाच्या प्रहरी यंत्रास कंठ फुटला. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची ती जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. तिच्यात उच्च कंपनांचा मागमूस मुळातच नव्हता, मात्र तिची खरखर १,९२,००० नमुन्यांच्या इतमामाने दालनभर अवतरली. स्नेह्यांचे डोळे पाणावले. “ऐकलीत? खरखरीचा कणन् कण सुटा! परवाच्या वायरीने हे होत नव्हतं.” इतक्यात खाँसाहेबांचा तो अलौकिक स्वर लागला, तेव्हा नव्या वायरीची हकीकत आम्हांस नीट ऐकू यावी, म्हणून आमच्या स्नेह्यांनी गाणे थांबविले.