धक्के त्यांचे आणि आपले

चीनवरची इंग्रजी प्रवासवर्णनं वाचून कुणी मराठी माणूस पाठीवर सॅक टाकून तिकडे निघाला, तर पहिल्याच आठवड्यात त्याची निराशा होते. ज्या गोष्टींनी गोऱ्या लेखकांची झोप उडवली, त्यांच्यापाशी आपल्याला मस्त झोप लागते. लोक टक लावून बघतात म्हणे. बघतात की! गल्लीत नवा माणूस आला तर आपण काय डोळे मिटून घेतो? लोक थुंकतात, हॉर्न वाजवतात, रांगेत मध्येच घुसतात, संडास उकिडवं बसायचे असतात आणि गाडीत शेजारचा अनोळखी माणूस पगार विचारतो. हा शेवटचा धक्का तर लंडनकरासाठीच राखून ठेवलेला. आपण पगार सांगतो, वर त्याचा विचारतो, मग लग्न झालं का, मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं, अशी दोन्हीकडची चौकशी सुरळीत पार पडते. मनमाडच्या पॅसेंजरमध्ये याहून वेगळं काही होत नाही.

धक्के बसतात, पण ते भलत्याच दिशेने येतात.

पहिला म्हणजे आपण निरक्षर होतो. मोठ्या शहरात हे लगेच कळत नाही, कारण मेट्रोत आणि रस्त्यांच्या पाट्यांवर रोमन लिपी असते. पण आडगावच्या बसस्टँडवर उतरलं, की समोरच्या पाटीवरचं एक अक्षर लागेल तर शपथ. गूगल बंद, व्हॉट्सॲप बंद, पदवी खिशात. एस.टी. स्टँडवर 'बाळा, ही गाडी बार्शीला जाती का रं?' असं विचारणारे म्हातारबाबा तेव्हा आठवतात. फरक एवढाच की त्यांना निदान विचारता येत होतं. आणि आपण त्यांना मोबाईलमधून मान वर न काढता उत्तर दिलं होतं, हेही आठवतं.

दुसरा धक्का रेल्वेचा. चिनी शहरांना दिशांप्रमाणे स्टेशनं असतात. शिआन वेगळं, उत्तर शिआन वेगळं, आणि दोन्हींच्या मध्ये टॅक्सीचा भरपूर वेळ. आमची गाडी उत्तरेहून सुटणार होती आणि टॅक्सीवाल्याने आम्हाला मोठ्या प्रेमाने जुन्या स्टेशनावर सोडलं. तरी धीर सुटला नव्हता. आपल्या मनात खोल कुठेतरी 'गाडी लेट असेल' अशी एक श्रद्धा असतेच. पण बीजिंग ते शांघाय हे 1,318 किलोमीटर साडेचार तासांत कापणाऱ्या रेल्वेला आपल्या श्रद्धेशी देणंघेणं नसतं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटकच बंद होतं. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट बघितला, आमचं तोंड बघितलं आणि एक शब्द न बोलता पुढच्या गाडीत बसवून दिलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

खाण्याचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं.

तिकडे मांस म्हणजे डुकराचं, हे गृहीत असतं. त्यामुळे 'मांस नको' म्हटलं की कोंबडी येते. 'कोंबडीही नको' म्हटलं की हॅम येतं. घेवड्याच्या शेंगांवर भुरभुरवलेला खिमा तर कुणाच्या हिशेबातच नसतो. आपण पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतो, तसा तो चवीपुरता. वाढणाऱ्याचा त्यात काडीचा कावा नाही. खरंच भाजी मागितली होतीत, भाजी आणली. अशा वेळी वाचवते ती 'दी सान शिआन' नावाची ईशान्येकडची भाजी. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची तळून सोया सॉसमध्ये परतलेली. वांगं-बटाट्याशी आपलं जुनं सख्य, त्यामुळे डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहतं. आणि दुसरं रताळं. थंडीत कोपऱ्याकोपऱ्यावर लोखंडी पिंपात रताळी भाजत असतात. साल काळीठिक्कर, आत केशरी गर, चिरेतून पाक गळतोय. विकणाऱ्या आजीच्या गळ्यात क्यूआर कोड. सुट्ट्या पैशांचं नाव काढलं की ती हिरमुसते. रताळी, शेंगदाणे आणि केळी यांवर मी तिकडे जो काळ काढला, तो घरी कळला असता तर चातुर्मास पाळल्याचं पुण्य माझ्या नावावर जमा झालं असतं.

सिच्वान प्रांतातल्या छंगदूला पोचल्यावर शेजवान चटणीचं माहेर आलं म्हणून हरखून जाऊ नये. ती चटणी तिथे कुणी बघितलेली नाही, मंचुरियनही नाही. मंचुरियन 1975 मध्ये मुंबईत नेल्सन वांग या कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने पहिल्यांदा केलं, असं सांगतात. तिथे असतं ते 'हुआजिआओ'. तांबूस, फुटलेल्या टरफलांचं एक मसाल्याचं फळ. जिभेवर ठेवलं की आधी लिंबाचा वास, मग मुंग्या, मग काहीच नाही. मालवणी किंवा गोव्याच्या माणसाला मात्र लगेच ओळख पटते: अरे, हे तर तिरफळाचं भावंड! वनस्पतिशास्त्राच्या दप्तरीही दोन्ही एकाच, झँथोझायलम या प्रजातीत लागतात. आपण बांगड्याच्या आमटीत चार तिरफळं ठेचून घालतो आणि जेवताना बाजूला काढतो. सिच्वानमध्ये मूठभर घालतात आणि वर लाल मिरच्या इतक्या, की भाजी त्यांच्या ढिगातून उकरून काढावी लागते. थोड्या वेळाने ओठ आपले राहत नाहीत. पेला तोंडाला लागला की नाही, ते बोटाने चाचपून बघायचं.

आणि त्या पेल्यात काय असतं? वाफाळतं पाणी. चहा नव्हे, सूप नव्हे, साधं गरम पाणी. बाहेर ऊन रणरणतंय, आपल्या कानांतून धूर निघतोय, आणि वेटर अगत्याने उकळतं पाणी ओततोय. 1952 मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी आरोग्य मोहिमेने पाणी उकळून प्यायची सवय घरोघर पक्की केली, ती आजतागायत. सर्दीला गरम पाणी, पोटदुखीला गरम पाणी, मुलीचं मन दुखावलं तरी मुलगा म्हणणार, गरम पाणी पी. (यावर तिथल्या मुली स्वतःच विनोद करतात.) आपल्या आजीचं 'कोमट पाणी घे रे' घरात कुणी ऐकलं नाही, तिकडे अख्ख्या देशाने ऐकलं. लांबच्या गाडीत डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो. तिथे नूडल्सचे कागदी वाडगे आणि थर्मास घेऊन रांग लागलेली असते, गाडी डुलते तशी रांगही डुलते. मी माझी विकतची पाण्याची बाटली नळाखाली धरली. ती कमरेत वाकली, आक्रसली आणि हातातल्या हातात तिचं गाठोडं झालं. मागच्या आजोबांनी ती हिसकावून कचऱ्यात टाकली, मला चांगलं दोन मिनिटं झापलं, आणि मग स्वतःच्या थर्मासच्या झाकणात पाणी ओतून समोर धरलं. शब्द एकही कळला नाही. मजकूर सगळा कळला.

बाजारात वेगळीच तऱ्हा. संत्री कशी दिली, असं खुणेने विचारलं तर बाईने माझ्यावर पिस्तूल रोखलं. अंगठा आणि तर्जनी ताठ. हे म्हणजे आठ. करंगळी आणि अंगठा म्हणजे सहा, वाकवलेली तर्जनी म्हणजे नऊ. एका हातावर दहापर्यंत मोजतात ते लोक, आणि दुसरा हात वजनाला मोकळा. शिवाय भाव असतो 'जिन'चा, म्हणजे अर्ध्या किलोचा. त्यामुळे स्वस्ताई बघून हुरळलेला माणूस दुप्पट पैसे मोजून, अपमानित चेहऱ्याने, संत्री सोलत बसतो.

संध्याकाळी चौकाचौकांत बायका नाचतात. लाऊडस्पीकर लावून, रांगा धरून, साठीच्या, सत्तरीच्या, कुणी नातवाला बाबागाडीत बाजूला ठेवून. बायकांना नोकरीतून पन्नासाव्या-पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती मिळायची (2025 पासून ते वय हळूहळू वाढवलं जातंय), तेव्हा अंगात जोर शिल्लक असायचा. खरं सांगायचं तर अख्ख्या चीनमध्ये मला सगळ्यात मोठा धक्का हाच बसला. आपल्याकडे या वयाच्या बाईने भर चौकात असा ठेका धरायचा तर वरात तरी हवी, नाहीतर विसर्जनाची मिरवणूक.

शिआनच्या दायान मनोऱ्यासमोर ह्युएनत्संग या चिनी बौद्ध भिक्षूचा पुतळा आहे. पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांचा हा मूळ पुरुष: जुन्या चित्रांत त्याच्या पाठीवर पोथ्यांनी भरलेली बांबूची चौकट दिसते. देशाबाहेर जायला बंदी असताना तो चोरून भारताकडे निघाला, आणि परतताना सिंधू नदीत नाव हेलकावली, तेव्हा त्याच्या कितीतरी पोथ्या आणि फुलांची बियाणी वाहून गेली. गाडी चुकलेल्या माणसाला याने फार बरं वाटतं. हा गृहस्थ दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. शिवाय लढाईआधी इथले वीर दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही. इसवी सन 645 मध्ये घरी पोचेपर्यंत त्याचा धक्का ओसरला होता की नाही, कोण जाणे.

आपण भारतातले म्हटलं की तरुण पोरं 'आमिर खान!' म्हणून ओरडतात. 2017 मध्ये 'दंगल'ने तिथे हजार कोटींहून जास्त कमावले. म्हातारी माणसं 'आवारा'ची चाल गुणगुणतात. आणि हपेई प्रांतात एखादा 'के दीहुआ' म्हणतो. हे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, जपानशी युद्ध चालू असताना चिनी लिहा-बोलायला शिकले, तिथेच लग्न केलं आणि 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी तिथेच गेले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे. तिथे तेवढं जाऊन या.

जाणार असाल तर मुक्कामाचा पत्ता चिनी अक्षरांत लिहून घ्या. परदेशी पाहुण्याची नोंद चोवीस तासांत पोलिसांत करावी लागते, म्हणून लहान लॉजवाले कधी रात्री अकराला दारातूनच परत पाठवतात. आधी विचारून ठेवा. टॉयलेट पेपर स्वतःचा बाळगा, बाटली स्टीलची न्या. आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा. 1 तारखेपासून राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते आणि सगळा देश एकाच वेळी फिरायला निघतो. रेल्वेची तिकिटं पंधरा दिवस आधी सुटतात, त्या आठवड्याची बघता बघता संपतात.